माझ्या नावाची पद्धत आणि दोघींचा खोकला

हे लिहायला बसले ती माझ्या दम्यामुळे नाही. दमा गावात पाच जणांना असतो, मी सहावी. लिहायला बसले ती सारिकाच्या खोकल्यामुळे. माझ्या छातीत जे शिरलं ते मी माझ्या हातांनी ओढवून घेतलं होतं. सारिकाच्या छातीत ते मी शिकवून घातलं. ते वेळेत थांबेल की तिचीही माझ्यासारखी गत होईल, हा एकच प्रश्न उशाशी घेऊन मी एक अख्खा उन्हाळा काढला.

मी रेहाना, वय बेचाळीस. माहेर वरवंडचं, सासर कोरेगाव भीमाचं. नवरा इक्बाल टेम्पो चालवतो, मुलगी सना अकरावीला आहे, आणि सासूबाई आहेत, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण शाळा मराठीत झाली, त्यामुळे लिहायचं म्हटलं की मराठीच हाताशी येते. लांबड लावायची मला सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या.

पिठल्यासारखं

गावाजवळच्या एका कारखान्यात मी ठेकेदारामार्फत सहा वर्षं काम करते. तिथं शाम्पू आणि कंडिशनर बनतो, बाटलीवर नाव मात्र दुसऱ्याच कंपन्यांचं लागतं. केस धुतल्यावर मऊ लागतात, कंगवा अडकत नाही, ती किमया करणारी एक पावडर त्यात पडते. फिकट पिवळी, मैद्याहून बारीक. गोणीवरचं नाव इंग्रजीत आणि एका दमात न म्हणता येणारं. आमचे सुपरवायझर गव्हाणे साहेब यांनी पहिल्याच दिवशी सोपं करून सांगितलं होतं की ही गवारीच्या बियांपासून करतात.

झालं. गवार आमच्या शेजारच्या रानात, बाजारात, आठवड्यातून दोनदा ताटात. ॲसिडच्या कॅनला हात लावताना हातमोजे, चष्मा सगळं घालणाऱ्या आम्ही बायका या पावडरीत कोपरापर्यंत हात घालायचो. गवारीवर कारखान्यात काय काय प्रक्रिया होऊन ती गोणीत येते, हे कुणी विचारलं नाही. गवारीला कोण घाबरतं?

या पावडरीची एकच खोड होती. पाण्यात टाकली की गुठळ्या व्हायच्या, बाहेरून चिकट, आत कोरड्या. जाळ्या तुंबायच्या आणि कधी कधी अख्खी बॅच बाद व्हायची. मी तेव्हा पॅकिंगला होते. एकदा साहेब डोक्याला हात लावून बसलेले दिसले, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुम्ही गोणी उपडी करता, पिठलं असं करतात का? एका हातानं पीठ भुरभुरायचं असतं आणि दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. घोटायला इथं मोटर आहे, भुरभुरायला हात पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी घरची चाळण घेऊन गेले. टाकीच्या तोंडाशी फळीवर बसले, खाली वाकले, आणि अर्धा तास पावडर चाळत राहिले. एक गुठळी झाली नाही. मी गिरणीवाल्याची मुलगी आहे. वरवंडला आमची पिठाची गिरणी होती, अब्बांनी चाळीस वर्षं चालवली. पीठ कसं पडतं ते माझ्या बोटांना कळतं, असं ते म्हणायचे, आणि ते खरं आहे.

पंधरा दिवसांत मला पॅकिंगमधून मिक्सिंगला घेतलं. महिला दिनाला शाल आणि नारळ मिळाला. मिक्सिंगच्या खोलीत भिंतीवर कागद लागला, 'पावडर टाकणे: रेहाना यांची पद्धत'. त्या कागदाचा मी फोटो काढून माहेरी पाठवला. खोटं कशाला बोलू, त्या कागदाचा मला माझ्या निकाहनाम्याहून जास्त अभिमान होता.

माहेरची हवा

खोकला सुरू झाला तो दिवाळीच्या ऑर्डरींच्या वेळी. कोरडा, हट्टी. सकाळी सात ते साडेतीन शिफ्ट करून घरी यायचे, चहा व्हायचा, आणि दिवेलागणीला खोकला यायचा तो झोपेपर्यंत. कामावर असताना फारसं काही नसायचं, म्हणून कामावर कुणाचा संशय गेला नाही. आधी थंडीला दोष दिला, मग हायवेच्या धुळीला, मग कारखान्यातल्या सेंटला. गावातल्या डॉक्टरांनी तीन वेळा औषध बदललं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार.

रमजानमध्ये सासूबाई म्हणाल्या की रोज्यानं घसा सुकतो, म्हणून खोकला. ईदनंतर पाच दिवस वरवंडला गेले आणि तिसऱ्या दिवशी खोकला गायब. अम्मीच्या हातचं खाऊन मी जिना दोनदा चढले, धाप लागली नाही. इक्बाल न्यायला आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "माहेरी आली की खोकला पळतो. म्हणजे हिचा खोकला मीच." आम्ही सगळे हसलो. त्या हसण्यात उत्तर होतं, पण ते कुणी उचललं नाही.

परत आल्यावर पहिल्या दिवशी तीन गोण्या चाळल्या. शिफ्ट सुटताना नेहमीप्रमाणे हवेच्या पाईपनं एकमेकींच्या अंगावरची पावडर उडवली. तो आमचा खेळच होता, होळी खेळल्यासारखा. संध्याकाळी भाकऱ्या थापताना छातीवर कुणीतरी पाट्याचा दगड ठेवल्यासारखं झालं. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. सनाला हाक मारायला गेले तर आवाज निघेना. इक्बालनं टेम्पोतच घातलं मला.

चार दिवस

दवाखान्यात चार दिवस होते. तोंडाला वाफेचा मास्क, हाताला सुई. पहाटे झाडूवाली मावशी, मग सिस्टर, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, पुन्हा वाफ. रात्र आणि दिवस यांतला फरक चहावरून कळायचा. भीतीबद्दल लोक फार लिहितात, मला एवढंच सांगायचं आहे की श्वास कमी पडतो तेव्हा माणूस मोठा विचार करत नाही. सनाची फी, अल्लाह, मुलीचं लग्न, असलं काही मनात आलं नाही. पुढचा श्वास, बस्स, तेवढंच.

शेजारच्या खाटेवर कवठे येमाईकडच्या एक आजी होत्या, जुन्या दमेकरी. पहिल्या संध्याकाळी मी हवेसाठी तडफडत होते तर त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "घ्यायची घाई करू नगं, बाय. आधी व्हट चंबूवानी करून सोड. सोडलं तरच आत जागा व्हईल." मी सोडलं, हळूहळू. जागा झाली. डॉक्टरांनीही पुढे तेच शिकवलं, पण पहिलं शिकवणं आजींचं.

घरी सोडताना एक पंप दिला आणि एक फुंकायची नळी. रोज तीन वेळा नळीत जोरानं फुंकायचं, काटा कुठे जातो ते तारखेसकट लिहायचं, तीन आठवड्यांनी पुण्याला छातीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. सनाच्या जुन्या वहीत मी आकडे लिहायला लागले. आठवड्यानं कामावर गेले. अंगात जोर नव्हता म्हणून साहेबांनी मदतीला सारिका दिली. सव्वीस वर्षांची, तीही कवठे येमाईचीच, नवऱ्याबरोबर इथं खोली घेऊन राहणारी. मला भाभी म्हणायची. मी तिला चाळण कशी धरायची ते शिकवलं. मनगट सैल, कोपर टेकलेलं, तोंड टाकीजवळ, म्हणजे पडणारी धार दिसते. पोरगी हुशार. चार दिवसांत तिचा हात बसला, आणि मला माझी सून तयार झाल्यासारखं वाटलं.

वहीतली रेघ

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी वही पानापानानं बघितली. मग त्यांनी पेन घेऊन सगळे आकडे एका कागदावर ठिपक्यांनी मांडले आणि जोडले. रेघ आठवडाभर खाली उतरत होती आणि एका दिवशी वर जात होती. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"गुरुवारी काय असतं तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सुट्टी.

त्यांनी काम विचारलं. मी म्हटलं, शाम्पू. त्या म्हणाल्या, शाम्पू नाही, तुम्ही हातानं नेमकं काय करता ते सांगा. मी सांगितलं नाही, खुर्चीत पुढे सरकून करून दाखवलं. मनगट सैल, मान खाली, तोंड टाकीवर. दाखवताना मी जरा ऐटीतच होते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की तोंडाला काय बांधता. मी म्हटलं, ओढणी.

मग त्यांनी समजावलं, आणि चांगलं समजावलं. गवारीची भाजी पोटात गेली तर काही नाही, ही पावडर केसाला लागली तर काही नाही. पण पावडरीची धूळ वर्षानुवर्षं नाकातून आत गेली तर काही माणसांची छाती तिला शत्रू मानायला लागते. एकदा मानलं की मग चिमूटभरही पुरते. औषधानं तुम्ही चांगल्या राहाल, म्हणाल्या, पण त्या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. कारखान्यासाठी चिठ्ठी लिहिते, आणि तिथं आणखी कुणी हे काम करत असेल तर त्यांनाही तपासायला सांगा.

येताना बसमध्ये मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. घरी आल्यावर कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. कारखान्याला फक्त आजारपणाचा साधा दाखला दिला आणि महिन्याची रजा घेतली.

गप्प बसलेला महिना

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातोय, म्हणून तो टाळत नाही.

मी स्वतःला सांगितलं की माझीच छाती नाजूक. गिरणीत वाढले, लहानपणापासून पीठ नाकात गेलं, माझं आधीच बिघडलेलं असणार. सारिका तरुण आहे, रानात वाढलेली, तिला काय होतंय? ठेकेदार काय म्हणेल हीही भीती होती. कुरकुर करणाऱ्या बाईला उद्यापासून येऊ नका म्हणायला त्याला एक फोन पुरतो. ही सगळी कारणं खरी होती, पण त्यांच्या तळाशी एक कारण होतं. भिंतीवरचा तो कागद निघेल. सहा वर्षांत माझ्या नावानं लागलेली एकच गोष्ट होती, तीच विष निघाली असं मी कुणाच्या तोंडानं सांगू?

घरात वेगळीच तऱ्हा. सासूबाईंना पंपाची शरम. पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेलं, आणि घरात दमा आहे कळलं तर सनाला स्थळं येणार नाहीत. पाहुणे आले की पंप डाळीच्या डब्यामागे जायचा. इक्बाल माझ्याकडे काचेच्या भांड्यासारखं बघायचा, आणि मला त्याचा राग यायचा. मी चिडायचे, तो आणखी जपायचा, मी आणखी चिडायचे. सना मधल्या मध्ये स्वयंपाक शिकली.

एका दुपारी शेजारची बाई बसलेली असताना मला धाप लागली. मी डोळ्यांनी डाळीच्या डब्याकडे बघितलं. सासूबाई उठल्या, पंप काढला, बाईच्या देखत माझ्या हातात दिला आणि पाठ चोळत बसल्या. बाई गेल्यावर म्हणाल्या की जावयाला सासूच नसण्यापेक्षा पंपवाली सासू बरी, बघतील ज्यांना बघायचं ते. तेव्हापासून पंप खिडकीत, सगळ्यांना दिसेल असा.

अब्बा भेटायला आले तेव्हा मी त्यांना चिठ्ठी दाखवली. त्यांनाच पहिल्यांदा दाखवली. ते मध्ये मध्ये खोकत वाचत होते. आमच्या घरी त्याला गिरणीचा खोकला म्हणतात, गिरणीबरोबर मिळालेला, त्यावर कुणी कधी औषध केलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले की आमच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. मला ते पुरायला हवं होतं, पण पुरलं नाही. मी चिठ्ठी परत साड्यांखाली ठेवली.

बाजारात

रजेच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात सारिका भेटली. ती कोथिंबिरीची जुडी घेत होती आणि मला आधी तिचा खोकला ऐकू आला. पाठमोरी होती तरी मी ओळखलं, कारण तो माझाच खोकला होता. कोरडा, तोडून तोडून, शेवटी बारीक शीळ.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "पंधरा दिस झालं, भाभी. धुळीचं हाय. गुरवारी बरं असतंय बघा."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. बटाटे गोळा करायला तीच वाकली.

मी तिथंच, भाजीवाल्याच्या पालाशेजारी उभी राहून तिला सगळं सांगितलं. पावडर, वही, रेघ, डॉक्टरीणबाई. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं घाबरली. ती घाबरली नव्हती. "तुमची जागा मला मिळाली, ते खुपतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्ही परत यायच्या म्हणून मला काढायचं, व्हय ना?" आणि कोथिंबीर घेऊन चालायला लागली.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्याच हातांनी पढवलेली होती ती, टाकीजवळच्या त्या फळीचा मान मीच तिला शिकवला होता.

घरी गेले, साड्या उचलल्या, चिठ्ठी काढली.

"पद्धत तर तुमचीच"

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणे साहेबांसमोर चिठ्ठी ठेवली. त्यांनी वाचली, तारीख बघितली, पुन्हा वाचली. माणूस वाईट नाही, पण डोक्यावर ऑर्डर असलेला माणूस. ते म्हणाले की बाकी कुणाची तक्रार नाही, आणि भाभी, पद्धत तर तुमचीच आहे.

"म्हणून तर मीच सांगायला आलेय," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुम्ही मला विचारलं असतं, आणि मी चाळणीची बाजू घेतली असती."

स्टोअरमध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात या मालाचा कागद टांगलेला असतो, इंग्रजी. मी तो मागून घेतला आणि सनाला फोनवर फोटो पाठवला. तिनं मराठीत वाचून दाखवलं, साहेबांच्या टेबलावर, स्पीकरवर. धूळ उडू देऊ नये. श्वासात घेऊ नये. हवा खेचणारी सोय असावी, घट्ट बसणारा मास्क असावा. सांडल्यावर पाणी पडलं तर फरशी निसरडी होते. यातलं शेवटचं तेवढं आम्हाला पाठ होतं, कारण एकदा एकानं पडून हात मोडून घेतला होता. म्हणून आम्ही पाणी न मारता खराट्यानं कोरडं झाडायचो आणि सगळी धूळ वर उडवायचो. एका अपघाताला घाबरून दुसरा रोज करत होतो. साहेबांनी सनाला परत एकदा पहिल्या ओळी वाचायला लावल्या, आणि मग केमिस्टला बोलावलं.

केमिस्ट नवीन होता, त्याला दुसरी पद्धत माहीत होती. पावडर आधी ग्लिसरीनमध्ये कालवायची, कारण ग्लिसरीनमध्ये ती फुगत नाही, आणि मग ते पातळ मिश्रण टाकीत सोडायचं. धूळ उडते ती फक्त गोणी उघडताना आणि बादलीत ओतताना. तिथं हवा खेचणारा पाईप लावला, दोन पट्ट्यांचे मास्क आणले, झाडायला व्हॅक्यूम आला. हे सगळं व्हायला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत मी रोज गेटवर जाऊन विचारलं. वॉचमन मला बघून हसायला लागला होता. तोवर चाळणं बंद राहील, हे मी साहेबांकडून आधीच वदवून घेतलं होतं.

पहिल्या ट्रायलला मी काचेबाहेर उभी होते, आत जायची मला बंदी. आत सारिका, नवा मास्क बांधलेली, माझ्याशी न बोलणारी. तिनं पावडर ग्लिसरीनमध्ये ओतली, ढवळली, आणि गुठळ्या झाल्या. मोठ्या, सुपारीएवढ्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. ऑपरेटर म्हणाला, चाळणच आणा.

मला हे कबूल करायचं आहे की एक क्षण मला बरं वाटलं. मग मी काचेला नाक लावून नीट बघितलं. बादली चकचकीत होती, नुकतीच धुतलेली. मी काच वाजवली आणि साहेबांना फोन लावला. बादली ओली आहे, म्हटलं, तळाला पाणी असणार. पुसू नका नुसती, सुकवा. आणि ग्लिसरीन आधी फिरवत ठेवा, पावडर नंतर, थोडी थोडी, थांबून. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. सारिकानं माझ्याकडे बघितलं नाही, पण दुसरी बादली घेतली, कोरड्या फडक्यानं पुसली, हवेला धरली. दुसऱ्या वेळी मिश्रण कढीसारखं सुरेख झालं. टाकीत गेलं, जाळीवर काही उरलं नाही.

त्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचा कागद काढला आणि मला दाखवायला बाहेर घेऊन आले. मी म्हटलं, फाडा.

गुरुवारची बस

आता मी दुसऱ्या इमारतीत लेबलं तपासते. माझा दमा आहे तिथंच आहे. सकाळ-संध्याकाळ पंप, जिना सावकाश, थंडीत जपून. ज्यांना नुकताच पंप हातात मिळालाय त्यांना सांगते, त्याची शरम बाळगू नका आणि बरं वाटलं म्हणून तो सोडू नका. खोकला जुना असेल तर सुट्टीच्या दिवशी कसा असतो ते लिहून ठेवा. आणि डॉक्टरांना नुसतं कारखान्याचं नाव सांगू नका, हातांनी काय करता ते करून दाखवा.

सारिकाला तपासायला न्यायचं राहिलं होतं. ती तयार होईना, शेवटी तिच्या नवऱ्यानंच माझ्या घरी येऊन सांगितलं की गुरुवारी घेऊन जा. पुण्याला जाताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टरीणबाईंनी नळी फुंकवली, छाती ऐकली, चाळणं कधी बंद झालं ते विचारलं. मी टेबलाची कड धरून बसले होते. बाई म्हणाल्या की सुरुवात झाली होती, पण लवकर थांबली. धुळीपासून लांब राहिली तर पूर्ण बरी व्हायची चांगली आशा आहे. दोन महिन्यांनी परत दाखवा. मी तिथंच रडले, सारिका नाही रडली.

परतीच्या बसमध्ये वाघोली गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"भाभी, तुमच्या चिठ्ठीवरची तारीख मी बघितली. साहेबांच्या टेबलावर व्हती. मला तुम्ही बाजारात सांगितलं ते त्याच्यानंतर महिन्यानं. मधी काय झालं?"

ठेकेदाराची भीती, आजारपण, पुष्कळ काही सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. माझ्या नावाचा कागद निघेल म्हणून गप्प बसले.

ती पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसली होती. मग म्हणाली, "माझा खोकला त्याच महिन्यात लागला."

मी म्हटलं, हो.

कोरेगावचा स्टॉप आला. उतरल्यावर ती चार पावलं पुढे गेली आणि परत आली. म्हणाली, "नव्या बायका भरत्यात पुढच्या आठवड्यात. मास्क कसा बांधायचा ते केमिस्टबी सांगंल. हे मधल्या महिन्याचं तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर, मी असताना."

तिनं मला माफ केलंय का, ते मी विचारलेलं नाही. पण सांगते मी. दर वेळी नव्या बायका येतात तेव्हा साहेब मला बोलावतात आणि सारिका मागे भिंतीला टेकून उभी असते. मी त्यांना गोणी दाखवते, बादली दाखवते, मास्क नाकाशी दाबून दाखवते. आणि मग सांगते की चूक माझ्या हातानं झाली, ती कळत नव्हती तोवर माझा गुन्हा नव्हता. कळल्यावर मी महिनाभर गप्प बसले. तुम्ही एक शिफ्टसुद्धा बसू नका.